सोळा विटा

मी एका शाळेत कारकून आहे. शाळा नाशिक-पुणे रस्त्यावर, पळसे-शिंदे बाजूला, घर नाशिकरोडला. स्कूटीवरून जाते-येते. दारणा नदीच्या अलीकडे-पलीकडे आत वळलं की कच्च्या रस्त्याला वीटभट्ट्या लागतात. दिवाळी झाली की त्या पेटतात आणि पावसाच्या तोंडावर विझतात. इतकी वर्षं तिथली गाढवं मी रोज बघत होते. बघत होते म्हणजे काय, तर हॉर्न वाजवून बाजूला करत होते.

रंगपंचमी नुकतीच होऊन गेली होती. रस्त्याच्या कडेला एक करडी गाढवी पाठीवरच्या विटांसकट खाली बसली होती. पुढचे पाय दुमडलेले, मान जमिनीला टेकायच्या बेतात. तिच्या शेजारी दुसरं गाढव, तेही लादलेलं, नुसतं उभं. एक बारकासा माणूस शेपटीला धरून गाढवीला उठवत होता.

"भाऊ, आजारी आहे का ती?"

"न्हाई ताई, आळशी हाये. बसतीच ती."

ती उठली आणि चालायला लागली. मीही शाळेत गेले. पण तिच्या पाठीवरच्या गोणपाटाच्या कडेला माशांचा काळा थर होता, तो काही नजरेसमोरून हलेना. दुसऱ्या दिवशी मुद्दाम थांबले तर तोच प्रकार. तिसऱ्या दिवशी वारा माझ्या बाजूने होता आणि वास आला. कुजक्या जखमेचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. मोबाइलवर फोटो काढला. काढला खरा, पण तो दाखवायचा कोणाला?

आमच्या शाळेच्या शिपायाने सुचवलं, "मॅडम, गायीच्या दवाखान्यात विचारा ना." शाळेपासून जवळच जिल्हा परिषदेचा श्रेणी-१चा पशुवैद्यकीय दवाखाना आहे. श्रेणी-१ म्हणजे जिथे पदवीधर डॉक्टर, सरकारी भाषेत पशुधन विकास अधिकारी बसतो. श्रेणी-२मध्ये पर्यवेक्षक असतात. हा फरक मला आधी माहीत नव्हता, पुढे तो फार कामाला आला, कारण दाखला द्यायचा तर पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी असलेला डॉक्टरच लागतो.

दवाखाना दोन खोल्यांचा, समोर लोखंडी खोडा. मी गेले तेव्हा खोड्यात एक जर्सी गाय अडकवलेली होती आणि डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत गायीच्या आत होता. त्यांनी मान वळवून मला विचारलं, "काय आणलंय?" मी म्हटलं, "फोटो." त्यावर शेजारचे शेतकरी हसले. मी मोबाइल समोर धरला आणि डॉक्टरांनी हात न काढता तो बघितला. हसले नाहीत.

हात धुऊन झाल्यावर त्यांनी मला बाकावर बसवलं आणि जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लक्षात राहिलंय. "मॅडम, मी आत्ता तिथे जाऊन मलमपट्टी करू शकतो. पण तो उपचार झाला. उद्या तो माणूस त्याच पट्टीवर विटा लादेल आणि मला काही म्हणता येणार नाही. पोलिसांच्या पत्रावर तपासलं की तोच पुरावा होतो. आम्हाला धरायचा अधिकार नाही, सोडवायचा नाही, दंड करायचा तर नाहीच नाही. लिहायचा आहे."

मग त्यांनी ड्रॉवरमधून स्टेपल केलेली एक झेरॉक्स काढली. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा. कडा मऊ पडलेल्या, मधल्या पानावर चहाचा डाग. कलम ११ मध्ये क्रूरता कशाला म्हणायचं त्याची यादी आहे. त्यात जनावरावर जास्त ओझं लादणं येतं, आणि वय, आजार, जखम, व्रण यामुळे कामाला अयोग्य झालेल्या जनावराला कामाला जुंपणंही येतं. पण यातले बहुतेक गुन्हे अदखलपात्र. पोलीस एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेणार आणि 'कोर्टात जा' म्हणणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं. "तेव्हा तुम्ही ३४ दाखवा," म्हणाले. कलम ३४ असं, की गुन्हा झालाय किंवा चालू आहे असं वाटलं तर शिपायाच्या वरच्या हुद्द्याचा कोणताही पोलीस जनावर ताब्यात घेऊन पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तपासणीला हजर करू शकतो. "शिपायाच्या वरचा म्हणजे हवालदारही चालतो. हवालदार गाठा. साहेब शोधू नका, साहेब बंदोबस्तावर असतात."

पोलीस ठाण्याचं नाव लिहीत नाही. तिथे पहिल्या दिवशी माझा अर्ज वाचून ठाणे अंमलदाराने शेजारच्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "गाढवाची तक्रार आहे, की गाढवाविरुद्ध?" दुसऱ्या दिवशी 'उद्या या'. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले आणि बाकावर बसूनच राहिले. अर्ज लिहिण्याच्या बाबतीत मात्र मी कोणाला हार जात नाही, वीस वर्षं तेच करतेय. कलम, पोटकलम, तारीख, वेळ, जागेच्या खुणा, फोटोंच्या प्रती, पोच मिळावी ही विनंती, सगळं होतं. शेवटी एक हवालदार आले, पन्नाशीचे, गावाकडे बैलजोडी बाळगून असलेले. त्यांनी फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "अळ्या पडल्यात ओ हिला." पत्र संध्याकाळी टाइप झालं.

दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही भट्टीवर. हवालदार, डॉक्टर, दवाखान्यातले मामा आणि मी. मामांचं पद व्रणोपचारक. इतकं नेमकं आणि इतकं जुनं पदनाम मी सरकारी कागदांवरही क्वचितच बघितलंय. गाढववाला खाकी बघून घाबरला आणि आधी माझ्याच पाया पडायला आला, ते मला फार लागलं. भट्टीचा मुकादम लांबून "आमचा संबंध नाही, गाढवं त्याची" म्हणाला.

डॉक्टरांनी सुरुवात गाढवीपासून केलीच नाही. आधी विटा मोजल्या. दोन बाजूंना मिळून ३० होत्या. मुकादमाकडून भंगार तोलायचा काटा मागवला, दहा विटा तोलल्या, ३१ किलो भरल्या. म्हणजे पाठीवर ९३ किलो. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५चे नियम आहेत, त्यात गाढवाला मर्यादा ५० किलोची. त्याच नियमांत दिवसाला एकूण नऊ तासांहून जास्त काम नको, सलग पाच तासांनंतर विश्रांती हवी, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ काम नको, हेही आहे. हवालदारांनी हे ऐकून कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "आमच्यासाठी असा नियम नाही का?"

मग गोणपाट. गाढववाला ते सर्रकन ओढायला गेला तर डॉक्टर ओरडले. गोणपाट जखमेला चिकटलेलं होतं. मामांनी कोमट मिठाचं पाणी करून आणलं आणि दहा-बारा मिनिटं ते थेंबथेंब सोडत राहिले. एवढा वेळ कोणी बोललं नाही. गाढवी कान मागे पाडून उभी होती, पाय सुद्धा आपटत नव्हती. मला वाटलं, फारसं दुखत नसेल. डॉक्टरांना माझा चेहरा वाचता आला असावा. "घोडा असता तर आत्तापर्यंत मला लाथ बसली असती," ते म्हणाले. "गाढव दुखणं दाखवत नाही. सगळे म्हणतात तसं ते मठ्ठ असल्यामुळे नाही. त्याची जातच तशी आहे. म्हणून गाढव बसलं की समजायचं, फार उशीर झालाय."

गोणपाट सुटलं. मानेमागे, जिथून पाठ सुरू होते तिथे, कातडी नव्हतीच. मधे खळगा आणि खळग्यात पांढरट हालचाल. डॉक्टर खिसे चाचपायला लागले, मोजायला टेप विसरले होते. माझ्या पर्समध्ये शाळेची प्लास्टिकची पट्टी होती, १५ सेंटिमीटरची. ती दिली. जखम ११ बाय ७. खोली त्यांनी चिमट्याच्या टोकाने घेतली. मामांनी टर्पेंटाइनचा बोळा धरला आणि चिमट्याने एकेक अळी काढून ट्रेमध्ये टाकायला लागले. मी पन्नासपर्यंत मोजल्या, मग सोडून दिलं. पोव्हिडोन, मलम, जांभळा स्प्रे, अँटिबायोटिक, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. घोडा-गाढवाला धनुर्वात फार लवकर धरतो, हे मला तेव्हाच कळलं.

दाखला लिहिताना ओळख पटवायची कशी हा प्रश्न आला. गायी-म्हशींच्या कानात बारा अंकी पिवळा टॅग असतो, या गाढवीच्या कानात काहीच नव्हतं. डॉक्टर तिच्याभोवती एक फेरी मारून आले आणि मामांना सांगायला लागले: मादी, रंग करडा, पाठीच्या कण्यावरून काळा पट्टा आणि खांद्यावर त्याला आडवा छेद, डावा कान टोकाला फाटलेला, दोन्ही नाकपुड्या चिरलेल्या, चीर जुनी, भरलेली. मी विचारलं, नाकपुड्या कशा चिरल्या? तर श्वास मोकळा व्हावा म्हणून ब्लेडने फाडतात. तसं केल्याने श्वास काही मोकळा होत नाही. "पण हे याने केलंय असं सिद्ध होणार नाही. मढीच्या बाजारातून आणली तेव्हाच तशी असेल," डॉक्टर म्हणाले. गाढववाल्याने मान हलवली. पाथर्डीकडचा तो. मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो, तिथून दोन वर्षांपूर्वी घेतली होती. 'चार वर्षांची' म्हणून घेतली होती. डॉक्टरांनी ओठ वर करून दात बघितले आणि 'अंदाजे १० ते १२ वर्षे' लिहिलं. गाढववाल्याचा चेहरा तेव्हा खरोखर पडला. पोलिसांना बघून पडला नव्हता एवढा.

शेवटची ओळ डॉक्टरांनी स्कूटीच्या सीटवर कागद ठेवून स्वतः लिहिली: सदर जनावर ओझे वाहण्याच्या कामास अयोग्य, किमान ३० दिवस संपूर्ण विश्रांती आवश्यक, त्यानंतर फेरतपासणीशिवाय कामास लावू नये. सही, शिक्का, नोंदणी क्रमांक.

आता ठेवायची कुठे? पोलीस ठाण्यात गाढव बांधत नाहीत. मी पांजरपोळ म्हटलं, म्हणजे आजारी, निराधार जनावरं सांभाळणारी संस्था. कायद्यात तशी सोय आहे. मॅजिस्ट्रेट जनावर उपचारासाठी पाठवू शकतात, खर्च मालकावर, आणि तिथून ते पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या तंदुरुस्तीच्या दाखल्याशिवाय सुटत नाही. डॉक्टरांनी शेजारच्या गाढवाकडे बोट केलं. ते या सगळ्या वेळात दावं नसतानाही तिच्यापासून हाताभरावरून हललेलं नव्हतं. "पाठवायची तर दोघं पाठवा. यांची जोडी असते. तोडली की खाणं सोडतात, आणि अशक्त गाढवाने खाणं सोडलं की चरबी रक्तात उतरते, मग वाचवणं अवघड. आणि दोघं पाठवली तर या माणसाची चूल बंद. तो भट्टीवाल्याकडून आणखी उचल घेईल आणि एक नवं गाढव आणेल. मग त्याच्या पाठीवर ९३ किलो."

मला राग आला. खरं सांगते, मला तो माणूस शिक्षा झालेला बघायचा होता. मी विचारलं, मग त्याला काहीच होणार नाही? डॉक्टरांनी तीच चहाच्या डागाची झेरॉक्स पुढे केली. पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५०. तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर २५ ते १००, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आकडे कित्येक वर्षांपूर्वीचे, तसेच. "तुमच्या पेट्रोलचे किती झाले मॅडम?" त्यांनी विचारलं. मी उत्तर दिलं नाही. दीडशे झाले होते.

शेवटी एन.सी. नोंदली गेली, त्याला दाखला जोडला आणि गाढववाल्याने हवालदारांपुढे हमीपत्र लिहून दिलं की ३० दिवस गाढवी कामाला लावणार नाही आणि दवाखान्याला तपासू देईल. लिहून मीच दिलं, त्याने अंगठा केला. खटला भरायचा तर तीन महिन्यांच्या आत भरावा लागतो, हे डॉक्टरांनी जाताना दोनदा बजावलं. मला की त्याला, ते कळलं नाही. बहुतेक दोघांना.

पुढचे दिवस मी दर तीन-चार दिवसांनी जाऊन बघायची. कधी मामा असायचे, कधी डॉक्टर. या निमित्ताने त्यांचा दिवस कसा असतो ते दिसलं. सकाळी कृत्रिम रेतन, मग अडलेली जनावरं, लाळ्या-खुरकूतचं लसीकरण, आणि मधेच वनखात्याचा फोन: उसाच्या कडेला बिबट्याने शेळी मारली, शेतकऱ्याला भरपाई मिळायची तर यांचा दाखला लागतो. २०२२च्या लम्पी त्वचारोगाच्या साथीत जनावरांचे बाजार बंद झाले होते, त्या वेळी एका दिवसात किती गोठे केले ते मामा अजून सांगतात. आणि रात्रीचे पोलिसांचे फोन वेगळेच. एकदा डॉक्टर लाल डोळ्यांनी आले. महामार्गावर ट्रक धरला होता. नियमाप्रमाणे एका गाडीत सहापेक्षा जास्त गुरं नेता येत नाहीत, त्यात चौदा होती. मोबाइलच्या उजेडात प्रत्येकाच्या कानातला टॅग वाचून जखमा लिहायच्या, कुठल्या जखमा दोरीच्या, कुठल्या शिंगाच्या, कुठल्या तुडवल्याच्या. तळाला दोन मेलेली, त्यांचं शवविच्छेदन पहाटे. "एकाचीही नोंद गडबडली तर वर्षभराने कोर्टात वकील मलाच उभं करून सोलतो," म्हणाले, आणि चहा न पिता खोड्याकडे गेले.

भट्टीवर त्यांनी आणखी एक केलं, ते कुठल्याही कलमात नव्हतं. गाढवी बघायला आले की बाकीची गाढवंही बघून घ्यायचे. चौदा होती. जंताचं औषध, खुरं, तोंड. आणि गाढववाल्यांना समोर बसवून जुन्या गोधडीच्या दोन जाड वळकट्या करायला शिकवलं. कण्याच्या दोन्ही अंगांना एकेक वळकटी, मधे मोकळी जागा, वरून गोणपाट. ओझं बरगड्यांवर बसतं, कण्याला टेकत नाही. पहिल्या दिवशी सगळे हसले. दुसऱ्या आठवड्यात आठ गाढवांच्या पाठीवर वळकट्या दिसल्या. एकीच्या वळकटीला साडीची जरीची किनार होती, बायकोने शिवलेली.

तिसाव्या दिवशी फेरतपासणी. एप्रिल मध्यावर आला होता, मोबाइल ३९ दाखवत होता. जखम भरत आली होती, गुलाबी कातडी धरली होती. मला वाटलं, झालं. डॉक्टरांनी कडेला अंगठा दाबला, गाढवीची पाठ किंचित खाली गेली. इतकी किंचित की मला दिसलीही नाही, मामांनी दाखवली. "आणखी १५ दिवस." गाढववाला त्या दिवशी पहिल्यांदा चिडला. उचल फिटत नाही, विटा हजारावर मोजतात, एक गाढव बसून खातंय, डॉक्टर पगारावर आहे, ताई पगारावर आहे. हे सगळं तो बोलला आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं. डॉक्टर ऐकत राहिले आणि ऐकता ऐकता १५ दिवस लिहून सही केली.

पंचेचाळिसाव्या दिवशी तंदुरुस्तीचा दाखला मिळाला. त्यावर 'कमाल ओझे ५० किलो' असं लिहिलं होतं. गाढववाल्याला वाचता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी भट्टीवरची एक वीट उचलली आणि काटा न मागवता हिशोब केला. ३१ किलोला दहा, म्हणजे ५० ला सोळा. "सोळा. आठ इकडे, आठ तिकडे." त्याने बोटांवर मोजून घेतलं आणि म्हणाला, "मग खेपा दुप्पट व्हतील की." यावर डॉक्टरांकडे उत्तर नव्हतं. नऊ तासांचा नियम त्यांनी सांगितला, पण आवाजात जोर नव्हता.

खटला मी भरला नाही. तीन महिने जून महिन्यात संपले, तोवर भट्टी विझली होती आणि माणसं पाथर्डीकडे गेली होती. भरायला हवा होता की नको, यावर माझं आणि माझ्या मुलीचं अजून भांडण होतं. ती म्हणते, दंड ५० रुपये असो की ५ रुपये, नोंद तर झाली असती. जूनमध्येच डॉक्टरांची बदली झाली, दुसऱ्या तालुक्यात. जागा रिकामी आहे, शेजारच्या गावच्या डॉक्टरांकडे अतिरिक्त कार्यभार. आठवड्यातून दोन दिवस ते येतात. मामा आहेत.

दिवाळीनंतर भट्ट्या पुन्हा पेटल्या. नोव्हेंबरमध्ये एका सकाळी मी स्कूटी थांबवली. ती दिसली, शेजारी तिचा जोडीदार. जखमेच्या जागी केस आले होते, पण पांढरे. करड्या पाठीवर पट्टीएवढा पांढरा ठिपका. खाली वळकट्या होत्या, मळलेल्या, पण होत्या. गाढववाल्याने मला ओळखलं, "ताई, बरी हाये बघा आता," म्हणाला. मी विटा मोजल्या. वीस होत्या.

"सोळा सांगितल्या होत्या ना भाऊ?"

"ह्या बारक्या साच्याच्या हाईत ताई. हलक्या."

मी एक उचलून बघितली. मला काही अंदाज येईना. मुकादमाकडे काटा मागायला गेले.